शेवटच्या शेतातले उंदीर

दिवाळीच्या तोंडावर बारावीला परिसंस्थेचा धडा घ्यायचा, हा आमच्या कॉलेजचा जुना शिरस्ता. अंबरनाथ पूर्वेच्या त्या वर्गात पंखे गरम हवा इकडची तिकडे करत असतात, वारा फिरला की आनंदनगरच्या कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून आत येतो, आणि मी फळ्यावर पिरॅमिड काढते. तळाशी गवत, त्यावर उंदीर, त्यावर साप, टोकाला घार. ऊर्जा खालून वर जाते, जाताना बरीचशी उष्णता होऊन उडून जाते आणि गेलेली परत येत नाही, असं सांगते. मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, ये बोर्ड में पक्का आता है क्या?" येतं, मी म्हणते. मग सगळे खाली मान घालून लिहितात. पूर्वी या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता जात नाही. हा धडा या मुलांच्या वाट्याला फक्त मार्कांपुरताच यावा, असंच अलीकडे मला वाटतं.

घरी येते ती सोनिवलीला. स्कूटरवरून उतरताना माझं नाक अजून सवयीने काहीतरी शोधतं. भात पिकायला आलं की त्याचा एक वास सुटतो. तांदूळ धुतल्यावर हाताला येतो तसा, पण उन्हात तापलेला, त्यात वाळत्या गवताचा आणि ओसरत्या चिखलाचा वास मिसळलेला. आश्विनात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो इतका यायचा की फोडणीचा वास त्याच्यापुढे फिका पडायचा. आता त्या खिडकीसमोर नव्या इमारतीचं पार्किंग आहे आणि त्यावर काचेची जिम. संध्याकाळी तिथे ओळीने माणसं पट्ट्यावर धावतात आणि जिथल्या तिथेच राहतात. मुलांना ऊर्जा कुठे जाते ते दाखवायचं, तर त्यांना माझ्या खिडकीत आणून उभं करावं, असं मनात येतं. मग स्वतःच्याच विनोदाचा कंटाळा येतो आणि मी पडदा ओढून घेते.

जिम आहे तिथे भागीकाकूंचं शेत होतं.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला बरीच शेतं होती. आमच्या इमारतीच्या जाहिरातीत तर तिच्यापेक्षा त्यांचेच फोटो जास्त होते. निसर्गाच्या कुशीत, वगैरे. पुढे एकेक तुकडा पत्र्याच्या कुंपणाआड गेला, कुंपणाआडून क्रेन वर आली आणि निसर्गाच्या कुशीत एवढी गर्दी झाली की निसर्गालाच बाहेर पडावं लागलं. मी गणित शिकवत नाही, पण वस्ती कशी वाढते त्याचा आलेख दरवर्षी काढते. आधी रेघ आडवी सरपटते, मग जरा मान वर करते आणि मग एकदम उभी चढते. फळ्यावर ती काढायला खडूचा एक फटकारा पुरतो. त्या उभ्या रेघेत मीही आहे, माझा टू बीएचके आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. राहायला कुठेतरी हवंच होतं. सगळ्यांनाच हवं असतं.

मला आठवतो तो शेवटचा हंगाम. तोपर्यंत काकूंच्या चुलत दिरांचे सगळे तुकडे गेले होते, फक्त यांचाच मधोमध उरला होता. काकू साठीच्या पुढच्या, काटक. नऊवारी गुडघ्यावर खोचून बांधावर बसायच्या आणि माझी स्कूटर दिसली की हाक मारायच्या, "बाय, आज लवकर?" त्या शेतात त्यांच्या घरचा राता असायचा. राता म्हणजे लाल तांदूळ, आखूड दाण्याचा. आमच्याकडे बाळंतिणीला त्याची पेज देतात, दूध येतं म्हणून. काकूंच्या सासूने, तिच्याही सासूने हेच बी धरलं होतं. कापणीआधी शेताच्या मध्यावर जायचं, भरल्या दाण्यांची कणसं हाताने वेचायची, पेंढ्यात घट्ट वळून त्याचा मुडा बांधायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत जपायचा. दुकानात हे बी मिळत नाही. एक साल चुकलं की संपलं.

मुलगा दिनेश आनंदनगरला कंपनीत. त्याचं म्हणणं त्याने माझ्यासमोरच सांगितलं होतं. "मॅडम, मी शिफ्ट करून येतो, शेत राखायचं कोनी? आयेचं वय झालं. मी तिला बोललो, या साली दाना घरात आला त ठेवू शेत. नाय आला त आपला पन तुकडा देऊन टाकायचा."

काकूंनी मान डोलावली होती. त्या वर्षी सून पोटुशी होती, कार्तिकानंतर केव्हाही दिवस भरणार होते. "तिला पेज घालीन ती माझ्याच रात्याची," काकू म्हणाल्या. "आन मुडा बांधीन. मंग बघू कोन शेत देतो."

मी हसले. पैज त्याच जिंकणार, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

पिरॅमिडच्या चित्रात एक गोष्ट दाखवता येत नाही. तळाचं गवत कमी झालं तरी त्यावर जगणारी तोंडं त्याच दिवशी कमी होत नाहीत. ती काही काळ असतात, उपाशी असतात आणि उरलेल्या गवतावर येतात. त्या आश्विनात सगळ्या सोनिवलीच्या मुनिया काकूंच्या शेतावर आल्या. पोपट आले. चिमण्या तर आमच्या ग्रिलवर रांगा लावून बसायच्या, लग्नात पंगत उठायची वाट बघतात तशा. काकू सकाळी पत्र्याचा डबा बडवत फिरायच्या. "पयले सगल्यांची शेतं होती, त आमच्या वाट्याला कितीक पाखरं यायची? आता सगली एकाच ताटावर बसलीत," त्या म्हणायच्या. डबा बडवला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार यायची, रविवारीसुद्धा झोप नाही. गोफण तर त्यांनी आधीच सोडली होती. दगड कुणाच्या बाल्कनीच्या काचेवर बसला तर काय घ्या!

आमच्या कुंपणाच्या भिंतीलगतची पट्टी निसवलीच नाही. बाकीचं शेत पिवळं पडत चाललं, ती मात्र हिरवीगार, कणीस म्हणून नाही. भिंतीवर आमचे मोठे दिवे आहेत, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू. जुन्या जातीच्या भाताला रात्र लांबायला लागली की फुलायचं कळतं. मी ते काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी दिव्यांकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं.

"मंजे हिला रात झाली हे कललंच नाय," त्या म्हणाल्या. "बिचारी जागीच."

मी सेक्रेटरींना सांगून त्या बाजूचे दोन दिवे बंद करवले. उशीर झाला होता, पण करवले. आमचे सेक्रेटरी म्हणजे मोटवानी अंकल. मी उल्हासनगरची, तेही उल्हासनगरचे, त्यामुळे आमचं जमतं. त्यांचं दुकान तिकडे कॅम्पात होतं, आता मुलगा बघतो. फाळणीनंतर त्यांचे वडील एक ट्रंक घेऊन कल्याणला उतरले आणि लष्कराच्या रिकाम्या बराकीत राहिले, ही गोष्ट मी लहानपणी शेजारच्या प्रत्येक घरात वेगवेगळ्या ट्रंकेसह ऐकलेली आहे. अंकल मनाने फार मऊ. मुंगीच्या वाटेवर साखर टाकणारा माणूस.

त्या पावसाळ्यात आमच्या आवारात धामणी निघत होत्या. भोवतालची शेतं खणली गेली, भराव पडला, तशी ती जनावरं उरलेल्या जागेत यायला लागली. जिन्याखाली एक, पंपाच्या खोलीत एक, कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीपाशी एक. बायका किंचाळल्या, वॉचमनने काठी उचलली. अंकल आडवे आले. "मारने का नहीं. सर्पमित्र को बुलाओ, दूर जंगल में छोड़ के आएगा. हमारे बाप लोग को भी ऐसे ही लाके छोड़ा था ना? जी गए ना हम?"

सर्पमित्र आले, धामण पिशवीत घातली, फोटो झाले, टाळ्या झाल्या आणि ती बारवीच्या जंगलाकडे रवाना झाली. मग दुसरी. मग आणखी. भागीकाकूही बांधावरून बघत होत्या आणि हात जोडत होत्या. धामण म्हशीचे पाय बांधून दूध पिते, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. म्हैस कधीच विकली होती, पण राग राहिला होता. त्या पावसाळ्यात आमच्याकडे एकही साप मेला नाही. शेजारच्या सोसायट्यांमध्ये आमचं नाव झालं.

त्याच सुमारास भिंतीलगत ओल्या कचऱ्याचे खड्डे खणले गेले. घरचं खत घरीच करायचं, म्हणून. सगळ्यांनी मनापासून भाग घेतला. उरलेल्या पोळ्या, शिळा भात, केळ्यांच्या साली. एवढा चांगुलपणा मी एका जागी क्वचितच पाहिला असेल. आणि चांगुलपणा जिथे जातो तिथे बरोबर उंदीर पोचले. खायला बारमाही, खाणारं कुणी नाही. माझी ती रेघ आता फळ्यावर नव्हती. भिंतीच्या पलीकडे, बांधाच्या पोटात, ती उभी चढत होती, आणि वरून काहीच दिसत नव्हतं.

दिसलं ते दसरा होऊन गेल्यावर. सकाळी मी चहा टाकला होता. तिसऱ्या मजल्यावरून शेत सबंध दिसायचं, कडेकडेनं छान पिवळं, दाट. आणि मधोमध काहीतरी विस्कटलेलं. आधी वाटलं वाऱ्याने लोळलं. मग नीट बघितलं. मध्ये एक मोठी पोकळी पडली होती. उंदीर कडेपासून खात नाहीत. कडेला धोका असतो. ते आत, मध्यावर सुरुवात करतात आणि बाहेरची भिंत तशीच उभी ठेवतात. बांधावर बसलेल्या माणसाला भरलेलं शेतच दिसतं. खाली काकू बसल्या होत्या, पाठमोऱ्या, डबा मांडीवर, पाखरांवर नजर ठेवून. त्या वर आकाशाकडे बघत होत्या.

चहा उतू गेला. मी खाली गेले.

कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं, "काकू, मध्ये जाऊन बघा जरा." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता उठल्या. भात छातीएवढं होतं, आत जाऊन वाकल्या तशा त्या दिसेनाशा झाल्या. मग त्या तशाच बाहेर आल्या, मुठीत धाटांची जुडी, प्रत्येक धाट तिरकं कापलेलं, कैचीने कापावं तसं, आणि एकालाही कणीस नाही. "बियान्याचीच जागा," त्या म्हणाल्या. "माजीच जागा खाल्ली." त्यांनी ती जुडी टाकून दिली नाही. घरी घेऊन गेल्या.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत, मधली पोकळी रोज कडेकडे पसरत गेली एवढंच आठवतं. पिंजरे लावले, पण एवढ्या उंदरांना पिंजरा म्हणजे समुद्राला चमचा. औषध घालावं तर सोसायटीची कुत्री मोकळी फिरत. मोटवानी अंकलना मी सगळं सांगितलं, धामण उंदीर खाते ते, खड्ड्यांचं, सगळं. ते खुर्चीत बसून राहिले. "मतलब हमने भला किया वो भी गलत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. हो तरी मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते? त्यांनी खड्डे बुजवले आणि पुढचे काही दिवस भिंतीकडे फिरायला जाणं सोडलं. बारवीच्या जंगलात त्या धामणी जगल्या की नाही, कुणास ठाऊक. तिथेही आधीच्या धामणी असतीलच. ताट तिथेही एकच.

कापणी झाली, पण ती कापणी म्हणण्यासारखी नव्हती. दिनेश सुट्टी काढून आला होता. भारे बांधले ते बहुतेक पेंढ्याचेच. झोडले तेव्हा दाणा पडायच्या ऐवजी फोलपटं उडाली. आईशी लावलेली पैज आपण जिंकलो याचा दिनेशला काडीचाही आनंद नव्हता, हे मला त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी काकू कुदळ घेऊन बांधावर गेल्या. उंदीर सगळं तिथल्या तिथे खात नाही, बिळात साठवतो. शेत खलास झालं की बिळं खणायची आणि निघेल ते घरी न्यायचं, ही इकडची जुनी रीत. चोराच्या हातची लंगोटी. मला सुट्टी होती, मी जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्यात उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोचा सगळा धडा फिरत होता, हातमोजे आणले असते तर बरं, वगैरे. काकूंनी एक तोंड उकरलं, आडवी वाट धरून पुढे खणत गेल्या आणि मातीत एक कोनाडा उघडा पडला. त्यात कणसं रचलेली होती. एकावर एक, देठ एकीकडे. सगळी टपोरी, भरलेली. पोचट एकही नाही. काकूंनी वेचली असती तशीच.

त्या कोनाड्याच्या बाजूला आणखी एक होता, कुरतडलेल्या पेंढ्याचा, त्यात पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांत गुंतलेली. मी मागे सरकले. काकूंची कुदळ हातातच राहिली. आई कुठेतरी पळाली होती.

"ही पन बालंतीनच हाय," काकू म्हणाल्या.

त्यांनी कणसं काढली. पण सगळी नाही. मूठभर परत आत ठेवली आणि वर माती लोटली. बीळ निपटून रिकामं करायचं नसतं, ही त्या रीतीतलीच रीत. जन्मभर पाळलेली, हाताने आपोआप झालेली. मला ओरडावंसं वाटलं, काकू, निदान आता तरी नको, यांनीच तुमचं शेत खाल्लं. मी ओरडले नाही. पुढचं बीळ, त्या पुढचं. प्रत्येक ठिकाणी मूठभर मागे ठेवत त्यांनी जे जमवलं, ते एका सुपात मावलं.

ते सूप त्यांनी ओटीवर उन्हात ठेवलं. मला म्हणाल्या, एका कोपऱ्यापुरतं होईल, त्याचं पुढल्या साली चार कोपऱ्यांचं होईल. दिनेश दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आये, कोपरा कुठला? दिवाली झाली की भरावाच्या गाड्या येतील." काकू दाणे पसरत राहिल्या. मी मध्ये तोंड घातलं. आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत, मोठे ड्रम आणू, त्यात लावू, बी तरी टिकेल. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना खरंच हसू आलं. "कुंडीत भात? पाखरं पन हसतील, बाय." मग हसू गेलं. "किती सालं लावशील?"

भाताला चिखल लागतो, वारा लागतो, बेडूक लागतात, कोणीतरी रोज बांधावर बसावं लागतं. बी म्हणजे नुसता दाणा नसतो, त्याच्याभोवतीचं सगळं असतं. ते सगळं मी कुठल्या ड्रममध्ये भरणार होते? पुस्तकात लिहिलेलं असतं की संख्या एका मर्यादेखाली गेली की जात परत उभी राहत नाही. वाचताना ते दूरच्या कुठल्या तरी वाघाबद्दल वाटतं.

दिवाळी झाली. भरावाच्या गाड्या आल्या. लाल मुरूम आधी बांधावर पडला, मग मध्यावर. बिळात ठेवलेली ती मूठ-मूठ कणसं आणि ती पिल्लं त्याखाली गेली. जी सटकली ती आमच्या जिन्यात दिसायला लागली आणि ग्रुपवर गोंदाच्या सापळ्यांची लिंक फिरली. मुनिया काही दिवस आल्या, तारेवर बसल्या, मुरुमाकडे बघत राहिल्या. मग यायच्या बंद झाल्या. कुठे गेल्या असतील, असा प्रश्न मी मुलांना विचारला होता वर्गात. "दुसरीकडे," एक मुलगी म्हणाली. तिला पूर्ण खात्री होती. मी तिला विचारू शकले असते की दुसरीकडे म्हणजे कुठे. मला धीर झाला नाही.

मार्गशीर्षात काकूंच्या सुनेला मुलगी झाली. मी अंगडं-टोपडं घेऊन बघायला गेले. खोली शेगडीच्या धगीने आणि ओव्याच्या वासाने भरली होती. सून भिंतीला टेकून बसलेली, थकलेली, आणि मुलगी रडत होती, सारखी, तोंड उघडं टाकून. दूध येत नव्हतं. दिनेश डब्याच्या दुधाचं विचारत होता. चुलीपुढे काकू बसल्या होत्या. पातेल्यात काहीतरी रटरटत होतं आणि खोलीभर एक वास येत होता, तांदूळ धुतल्यावर हाताला येतो तसा.

मी सुपाकडे पाहिलं. ते भिंतीला उभं करून ठेवलं होतं, रिकामं.

"काकू, सगळं?" मी विचारलं.

"मंग काय करू?" त्या म्हणाल्या. "ती रडतेय न."

त्यांनी पेज वाढली. लालसर, दाट, वर मिठाचे खडे. सुनेने डोळे मिटून वाटी तोंडाला लावली आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही. मग काकूंनी पातेलं तिरकं करून तळाची पेज दुसऱ्या वाटीत ओतली आणि ती माझ्यासमोर धरली. मी नको म्हटलं, तिलाच द्या म्हटलं. "घे, बाय," त्या म्हणाल्या. "परत नाय गवसायचा."

मी प्यायले. पेज फार चांगली झाली होती. तेच मला अजून सोसत नाही.